मुद्देमाल

मेणवलीच्या घाटावर शूटिंग व्हतं तवा
हिरोईनच्या साड्या धुवायला मला बोलावलं.
सहा साड्या. सहाही एकसारख्या,
मोरपंखी, काठ जांभळा.
"बाई एक, मंग साड्या सहा कशाला?"
ड्रेसवाला निवृत्ती हसला.
"मावशी, एका टेकला एक रंगती.
व्हिलनला कोयत्यानं मारायचं,
सायबाला न्हाई पटलं
की पुन्यांदा मारायचं, कोऱ्या साडीत."

चार दिवसांत तिनं त्याला अकरा वेळा मारला.
मधल्या वेळेत दोघं एका छत्रीखाली
कलिंगड खायची.

रक्त गोड व्हतं.
साखरेचा पाक आन् रंग.
धुवायच्या आधीच मुंग्या यायच्या,
काठावरनं रांगेनं चालायच्या.
ऊन पाणी, मूठभर सोडा, दोन आपट्या,
झाला खून साफ.
म्हणलं, निवृत्ती, खऱ्याला ऊन पाणी चालत न्हाई बाबा.
ऊन पाण्यात ते शिजतं,
सुतात घर करून बसतं.
त्याला गार पाणी, लगोलग, आन् हात हलका.
"मावशी, तुमाला लई म्हाईत."
मी काठ पिळत ऱ्हायले.

मालन आली त्या रात्री अमावस्या न्हवती.
वारं न्हवतं, कुत्रं रडलं न्हाई.
आठ वाजले व्हते, टीव्हीवर बातम्या.
ही दारात. कानामागं फुटलेलं,
पिवळी साडी कमरेपातूर भिजलेली.
म्हणाली, "आक्का, आदी ही भिजव. डाग पडंल."
नवऱ्यानं डोक्यात पाट घातला
आन् हिला साडीची काळजी.
मी बादली भरली, गार पाण्याची.
तीस वर्सांचा हात, आपसूक गेला.
साडी पाण्यावर धरली
आन् धरूनच ऱ्हायले.

जन्मात तेवढं एक कापड धुतलं न्हाई.
पेपरात गुंडाळून चौकीत नेलं.
सुतळी, लाख, आकडा.
हवालदार म्हणाला, "आता ह्यो मुद्देमाल."

पिच्चर लागला तवा आमी दोघी
पाचवडवरनं यष्टीनं साताऱ्याला गेलो.
तिनं कोयता उचलला
तशा बायका खुर्च्यांवर उभ्या.
मालननं शिट्टी मारली.
चाळीस वर्सांत मला म्हाईत न्हवतं, हिला शिट्टी येती.
मी मातुर साड्या मोजत व्हते.
ही दुसरी. ही चौथी.
शेवटाला ती एकलीच पायऱ्या चढून जाती,
मागं धूर, साडी चकचकीत.
तिसरी हाय ती. निऱ्यांपाशी माझ्या इस्तरीचा चटका,
रुपायाएवढा.
सगळ्या टॉकीजात मलाच दिसला.

तिचा निकाल दोन तास वीस मिन्टांत.
आमचं पाचवं वरीस.
तपासणीचा कागद पुण्याला गेला तो तिकडंच.
परवा तारखेला त्याचा वकील म्हणाला,
"हळद असेल, गंज असेल.
बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"
म्हणलं, न्हाई. परटीण.
हळदीला साबण लागला की ती लाल व्हती,
उनात टाकली की उडती.
गंज लिंबानं निघतो.
ह्यो डाग त्याच रातीला निघाला असता,
बादली भरलेली व्हती, सायेब.
मी काढला न्हाई.

टाइप करणारा थांबला.
वरनं आवाज आला, "लिहा."
टकटक टकटक.
कोयता न्हाई, धूर न्हाई. पंखा फिरत व्हता
आन् तिकडं त्यो माझ्याकडं बघत न्हवता,
बुटाकडं बघत व्हता.
मालन बाकावर नखं खात बसलेली.

पुढली तारीख सव्वीस.
एक तेवढं खटकलं.
पोलिसांनी घडी उलटी घातलीया.
काठ आत पायजेत.