दोनशे एकोणचाळीस

सातपूरच्या आमच्या कारखान्यात
टाइम ऑफिसची खिडकी मी सांभाळतो.
खिडकीला जाळी, जाळीवर वंगणाची बोटं,
टेबलावर मस्टर आणि दोन तोंडांची पेन्सिल,
एकीकडून निळी, एकीकडून लाल.
लाल लवकर झिजते.

दोनशे चाळीस दिवस भरले
की माणूस 'कायम करा' म्हणू शकतो.
म्हणून दोनशे एकोणचाळीसला मी गोल करतो.
माणूस घरी जातो,
गिरणाऱ्याला टोमॅटोचे क्रेट उचलतो,
पंधरा दिवसांनी येतो नवं टोकन घेऊन,
कागदावर कालच जन्मलेला.
लेथला मात्र त्याचा हात ओळखीचा असतो.

वडनेरे साहेब वाईट नाहीत.
साखरेचा त्रास, डब्यात ज्वारीची भाकरी.
एकदा पाठकोऱ्या चलनावर मला हिशेब दाखवला:
शंभरावा माणूस घेतला तर त्याचा पगार इतका.
उद्या ऑर्डर आटली, आणि त्याला कमी करायची
परवानगी मागत सरकारदारी बसलो, तर त्याचे किती?
पेन तिथेच थांबलं.
"हा आकडा मांडताच येत नाही हो,
म्हणून मी वरचाही मांडत नाही."

मस्टरवर नव्व्याण्णव.
त्याच वर्षी शेडमधून भिंत गेली.
अलीकडे एक कंपनी, पलीकडे दुसरी,
बोअर एक, मालक एक,
आणि भिंतीत एक भोक
चहाची किटली जाईल एवढं.

सुकदेव बेंडकुळे जुना, कायम.
मंदीच्या साली आम्ही एकशे तीस होतो.
कमी करायच्या यादीत चौथं नाव त्याचं होतं.
परवानगी आली नाही. यादी कपाटात राहिली.
सुकदेवने श्रमिकनगरच्या घरावर स्लॅब टाकला,
पोराला आयटीआयला घातला.
त्या वर्षापासून साहेबांनी
कुणाला कायमचं पत्र दिलं नाही.

तो पोरगा, समाधान,
माझ्या खिडकीशी तिसऱ्यांदा नवीन आहे.
बापाला जे काढू देत नाही
तेच पोराला आत घेऊ देत नाही,
असं मला वाटतं, चहा पिताना.
मग वाटतं, कलम काय हातानं दार लावतं?
गोल तर मी करतो.

दोन हजार सोळा, एक मार्च, मंगळवार.
सहा जुलैला लागलेला समाधान,
आज त्याचा शेवटचा दिवस,
तक्ता मागच्या सालचा, मीच उतरवलेला.
साडेपाचला सहज दिवस मोजले.
पुन्हा मोजले, बोटांवर, लहान मुलासारखे.
फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता.

दोनशे चाळीस.

भोंगा झाला. पोरं हात धुवायला निघाली.
पलीकडच्या भिंतीतून रिकामी किटली आली.
समाधान जाळीशी वाकला,
"भाऊ, उद्यापासून ब्रेक ना?
गिरणाऱ्याला सांगून ठेवलंय मी."

वडनेरे साहेबांच्या केबिनमध्ये दिवा होता.
मी पेन्सिल उचलली,
कोणती बाजू खाली आहे ते न बघता.
"थांब जरा," म्हटलं,
"हिशेब लागत नाहीये."