पाचाच्या आत

प्रवासाचं डोकं आणि शेपूट
आधीच कापून येतं आमच्याकडे,
मासळीवाल्याने साफ करून द्यावं तसं.
सुरुवातीचे पाचशे मीटर नाहीत, शेवटचेही नाहीत,
म्हणजे कुणाचं दार कळू नये
आणि कुणाच्या दारात कोण थांबलं, तेही.
उरतो मधला तुकडा. ठिपका, वेग, दिशा.
दर सात मिनिटांनी ठिपक्याला नवा क्रमांक.
जुना कुठला, असं कुणी विचारलं
तर सांगता येत नाही.
सांगायचं नाही असं नव्हे. येत नाही.

मी रात्रपाळीला बांधावरचा रस्ता सांभाळते.
बत्तीस किलोमीटर, पट्टीने ओढल्यासारखा,
एका हाताला समुद्र,
दुसऱ्या हाताला कधीकाळी समुद्र असलेलं तळं.

आई माकुमला राहते.
दर बुधवारी राखाडी गाडी काढून
बांधापलीकडे डेन ऊव्हरला जायची,
धुरावलेला वाम आणायला
आणि हिल्तयेशी भांडायला.
"तुला दिसते का गं मी?"
"तू नाही दिसत. कुणीतरी जातंय, एवढं दिसतं."
तिने कॉफी ढवळली. साखर न घालता.
"आणि मी नाही गेले तर?"
"तर कुणीतरी कमी."
तिला ते बरं वाटलं की लागलं, कळलं नाही.
ती खिडकी पुसायला उठली.

आमच्याकडे एक नियम आहे:
पाचापेक्षा कमी गाड्या असल्या
तर पडद्यावर काहीच दाखवायचं नाही.
तिघांत, चौघांत माणूस ओळखू येतो;
लपायला पाचवा लागतो.
पाचामुखी परमेश्वर
हे यंत्रालाही पटलेलं आहे,
चारचौघांचं मात्र ते ऐकत नाही.

जानेवारीत, पहाटे तीन वीसला, पडदा काळा.
काळ्याचे अर्थ पाच:
कुणी नाही, एक, दोन, तीन, चार.
रस्त्यातल्या तापमापकाने उणे एक सांगितलं.
पाऊस पडत होता आणि पडल्या जागी काच होत होता.
यंत्र म्हणालं, माहिती अपुरी.
खरंच होतं ते.

मी हाताने फलक लावले.
सत्तर. मग पन्नास.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
लाल कडांचे आकडे पेटत गेले
दोन्ही बाजूंच्या अंधारात,
बहुधा बगळ्यांसाठी.
नोंदवहीत 'कारण' या रकान्यात सहा पर्याय.
'कुणीतरी असेल' हा त्यात नव्हता.
मी 'इतर' निवडलं.

साडेचारला मिठाच्या गाडीवरून युर्रे बोलला,
"दिवाळखोरी चाललीय का? कुणासाठी एवढी रोषणाई?"
"माहीत नाही."
"बरं," म्हणाला, आणि मीठ पसरत गेला.
तोही मला दिसत नव्हता. आवाज तेवढा होता.

आईने नोव्हेंबरात लायसन्स परत केलं.
डावा डोळा. शिवाय एकदा गोठ्याच्या भिंतीला गाडी घासली,
ते ती सांगत नाही.
मी बुधवारचे आलेख काढून बसले,
आधीचे आणि नंतरचे.
रेषा थोडी खाली, थोडी वर,
वारा असेल, शाळेला सुट्टी असेल.
ती कुठे कमी झाली ते सापडलं नाही.
म्हणजे काम चोख आहे आमचं.
मी दिवा मालवला
आणि थोडा वेळ तशीच बसले.

आता बुधवारी मीच जाते, पाळी संपवून.
मधे कुठेतरी माझा क्रमांक बदलतो,
समजत नाही; रेडिओही खरखरत नाही.
वाम घेते, चारशे ग्रॅम, कातडीसकट,
हिल्तयेला आईचे दोन टोमणे पोचवते
आणि तिचे तीन
परत आणते.