सातवा विषय

शाळेच्या व्यायामशाळेत भरते आमची ग्रामसभा,
नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी.
रबरी चटयांचा वास, भिंतीशी गुंडाळलेले दोर,
ओल्या कोटांवरून फरशीवर ठिबकणारा बर्फ.
तिसरी आणि चौथी रांग मोजायचं काम माझ्याकडे.
गेली नऊ वर्षं. माझे आकडे चुकत नाहीत.

विषय चार: वरच्या कुरणाची पाण्याची नळी. मंजूर.
विषय पाच: रस्त्यावरचा बर्फ काढायचं नवं यंत्र.
"चालवणार तर श्पेंदच ना?" कुणीतरी ओरडलं,
सगळे हसले, टाळ्यासुद्धा पडल्या,
आणि पाहुण्यांच्या बाकावरून श्पेंद उठला, थोडा वाकला,
इस्त्रीच्या सदऱ्यात, मानेपर्यंत लाल.

विषय सात तोच होता.
त्याला, बायकोला, मुलीला बाहेर बसवलं. नियमच आहे तसा.
व्हरांड्यात, जिथे पहिलीतल्या मुलांच्या खुंट्यांवर
ससा, छत्री, चेरी अशी चित्रं आहेत.
तेवीस वर्षं इथं राहिलेल्या माणसाला
गावचा म्हणायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

एकेकट्याला विचारलं असतं तर –
आणि मी विचारलं होतं, त्याच आठवड्यात, सहज –
डेअरीतला झ्ग्राग्गेन म्हणाला, "हे काय विचारणं झालं!"
फ्रेनीनं त्या मुलीसाठी टोपी विणली होती, कानांवर येणारी.
आणि बाल्त्सची गाडी दरीकडे घसरली त्या रात्री
दोर बांधून वर ओढणारा कोण,
ते बाल्त्स स्वतःच सांगतो, दोन ग्लासांनंतर, दर वेळी.

सभापतींनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय?
कुणालाच नव्हतं.
मागून फक्त एक आवाज, शांत, जवळजवळ प्रेमळ:
"घाई काय आहे?"

एवढंच. वाईट असं कुणी काही बोललं नाही.
पण त्यानंतर माणसं मान न वळवता
शेजारी बघायला लागली.
कुणी खोकलं. कुणीतरी उगाच चष्मा पुसला.

"अर्ज नाकारावा असं ज्यांचं मत –"
पहिला हात कुणाचा, मला दिसलं नाही.
दुसरा बाल्त्सचा, कोपरात वाकलेला,
डोकं खाजवायला नेल्यासारखा, म्हणजे मागे घेता येईल.
मग शेजारचा हात वर आला, आणि बाल्त्सचा सरळ झाला.
फ्रेनीचा हात वर गेला तेव्हा
तिच्या चेहऱ्याला ते अजून कळलं नव्हतं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आम्ही दोनशे अकरा होतो.

मी बोट उचलून मोजत गेले, डावीकडून उजवीकडे.
मोजायला हात उचलावाच लागतो.
माझ्या रांगांत अडतीस खुर्च्या,
त्यातली एक रिकामी, क्रेसेन्झिया तापानं घरी.
मी कागदावर लिहिलं: अडतीस.
कुणी तपासलं नाही. तपासायची गरजच पडली नाही.

नंतर खानावळीत बिअर पिताना
सगळ्यांनीच पुन्हा हात वर केले:
"सभेनं ठरवलं. आपण एकटे काय करणार?"
झ्ग्राग्गेननं सगळ्यांचे पैसे दिले, तसा तो कधी देत नाही.

रात्री बर्फ पडला, गुडघाभर.
पहाटे चारला यंत्राचा आवाज आला, जुन्याच यंत्राचा,
चर्चपासून खाली, एकेक दार मोकळं करत.
त्यानं कुणाचंही दार वगळलं नाही, मी खिडकीतून पाहत होते.
माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पायरीवर होते.
त्यानं नेहमीसारखा काचेआडून हात वर केला.

माझ्या दोन्ही हातांत फावडं होतं,
असं मी नंतर आईला सांगितलं.