लेतानचं तिकीट

आलापल्लीहून सकाळची गाडी सुटली की
राजम दुर्गम म्हणायचे,
"एक लेतान द्या जी."
मी ट्रेमधून बामणीचं काढायचो,
भोक पाडायचो.
ते तिकीट टोपीच्या दुमडीत जायचं.

लेतान कुठे, मला ठाऊक नव्हतं.
ते सांगत तेवढंच: ब्रह्मदेशाच्या शिवेवर
वीसेक घरं, एक पागोडा, गोड्या पाण्याची विहीर,
आणि दर पावसात चिखलात जाणारा रस्ता.
मग माणसं पुन्हा ओंडके आंथरायची,
त्यांवरून तोफा.
"आपल्या रस्त्यावाणीच," म्हणायचे.
हसायचे नाहीत.

चव्वेचाळीस साली ते खेचरं हाकत होते.
जपान्यांना ऐकू जाऊ नये म्हणून
डॉक्टरनं खेचरांचे गळे आतून कापलेले.
"चढ आला की तोंड उघडायची,
आवाज नाही निघायचा जी.
माझीचं नाव मी पोचक्का ठेवलं होतं."
लेतानच्या अलीकडे नाल्यात ती बसली, ती बसलीच.
पुढे काय झालं ते
बामणी यायच्या आत कधी सांगून झालं नाही.

सागाच्या वळणावर ड्रायव्हर लांब हॉर्न द्यायचा
तेव्हा त्यांचा हात
आपल्याच गळ्याकडे जायचा.

आता प्राणहितेवर पूल आहे,
तिकिटाचं यंत्र आहे, थांब्यांना आकडे आहेत.
राजम गेले त्या पोळ्याच्या आठवड्यात
गाडी रिकामी होती.
मी जुन्या ट्रेमधलं एक फाडलं,
भोक पाडलं,
त्यांच्या खिडकीच्या फटीत खोचलं.
मागून कुणी म्हणालं,
"भाऊ, बामणी दोन."