कूलर बंद

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत कूलर लावत नाहीत.
बाहेर सेहेचाळीस, आत भट्टी,
आणि ही लिथियम बोरेटची पूड अशी हावरी
की खसातून आलेल्या वाऱ्याचा एक घोटही सोडत नाही.
ओली झाली की खोटं बोलते.
म्हणून आम्ही निथळतो, ती कोरडी,
काचेच्या भांड्यात झाकणाला ग्रीस लावून.

आमच्या गोळीबार चौकातल्या घरी मागाला ओल लागायची.
काका जमिनीवर पाणी शिंपायचे, धागा तुटू नये म्हणून.
मी तेच शहाणपण उलटं करून वापरते.

युरिया घालून वाटी भट्टीत सरकवली
की मिनिटभर काही नाही,
मग फसफस, मग पिवळी ज्वाळा,
आणि खाली उरतो लाहीसारखा फुगलेला पांढरा ढेकूळ.
त्यात तांबं किती? हजारात एक.
त्या एकासाठी माझी तीन वर्षं गेली.
गजभिये सर म्हणतात, अजून दोन नमुने कर.

पहिल्यांदाच माणसाच्या अंगावर लावायची होती.
संमतीच्या कागदावर तिनं सावकाश सही केली,
चंद्रकला उके, मुक्काम तिरोडा,
‘क’चा काना चुकला म्हणून पुन्हा गिरवला.
सतरा नंबरची पुडी, नखाएवढी,
जिथे स्तन होता तिथे चिकटपट्टीनं लावली.
“हे मीठ होय का ओ बाई?”
मिठासारखंच, मी म्हटलं.
“मंग दृष्ट काढून राहिल्या का माई?”
मी हसले. ती नाही हसली.

जाड दार सरकत बंद झालं.
शहाणी माणसं सगळी बाहेर.
आत ती, यंत्र,
आणि माझी चिमूटभर पूड.

वाचन रात्री करायचं. दिवा मालवून
एकेक अंश तापवत न्यायची.
शंभराच्या आसपास थोडी चुळबुळ होते,
तिच्यावर विसंबायचं नाही, ती दोन दिवसांत विरते.
खरं बोलणं दोनशे दहाला.
पूड जे गिळून बसली होती ते उजेड होऊन सुटतं,
इतका थोडा उजेड की माझ्या डोळ्यांना नाहीच,
फक्त त्या नळीला दिसतो,
आणि पडद्यावर एक टेकडी उभी राहते.

डॉक्टरांनी लिहिलं होतं, दोन ग्रे.
टेकडी म्हणाली, एक पूर्णांक चौऱ्याण्णव.
तीन टक्के कमी.
वजन करताना माझा हात हलला,
की यंत्र, की पट्टी सैल होती,
की बाईनं भीतीनं श्वास धरला होता?
तीन टक्के कुठे गेले ते पुडीला ठाऊक नसतं.
तिला मिळालं तेवढंच ती सांगते.

वाचून झालं की पूड पुसायची असते.
तळाशी जे थोडं राहतं तेही जाळायचं,
तीनशे अंश, अर्धा तास.
सतरा नंबर मी तीन दिवस जाळला नाही.
“सतरा काऊन बाकी आहे?”
लाईट गेली होती, सर.
“तीन दिवस?”

चौथ्या दिवशी ठेवला भट्टीत.
आई मीठमोहऱ्या चुलीत टाकायची
तेव्हा कान देऊन ऐकायची,
जास्त तडतडलं तर नजर जबर.
मीही ऐकलं, कबूल करते.
काही आवाज आला नाही.

मग तपासणीचा आलेख. सपाट रेघ.
दवाखान्यात अशी रेघ दिसली की लोक धावतात.
मी वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण केली,
आणि खूण केल्यावर
पेन जरा वेळ तसंच धरून बसले.

आज बाईंचा नववा दिवस, पंचवीसपैकी.
सतरा नंबर सोमवारी दुसऱ्या कुणाला.
सर विचारतात, जूननंतर या पुडीचं काय करणार आहेस,
तेव्हा तर सगळी हवाच ओली.
बघू, मी म्हटलं,
आणि झाकणाचं ग्रीस बोटानं सारखं केलं.