नऊ पिनांची काच

मे महिना. भुसावळात शेहेचाळीस.
पंखा बंद केलाय, त्याची घरघर
प्रीॲम्पच्या तारेत उतरते म्हणून.
विमल दारातून विचारते,
"काय करू राह्यले हो अंधारात?"

पहिला व्हॉल्व्ह बंगळूरचा. सरळमार्गी.
सारंगी वाजते, हजेरी लावल्यासारखी.
दुसरा पूर्व जर्मनीचा,
पाव पेन्शन मोजून मागवलेला.
त्यात सारंगीवाला खुर्ची ओढून जवळ बसतो,
पण जरा जास्तच गोड बोलतो.

तिसरा सुपडू भंगारवाल्याकडचा,
रेल्वेच्या वायरलेसमधून निघालेला,
किलोच्या भावात.
काचेवरची अक्षरं पुसलेली,
डोक्यावरचा चंदेरी डाग कडेनं तपकिरी.
पिना ब्लेडनं खरवडल्या.
दोन वाकड्या होत्या, श्वास रोखून सरळ केल्या.
दाबला. थांबलो.
तांबूस उजेड त्याच्या अंगात सावकाश आला

आणि गज तारेवर टेकण्याआधीची
एवढीशी चाहूल.
वीस वर्षं ऐकतोय ही तबकडी,
आज कळलं,
वाजवणारा आधी थांबतो.

तेवढ्यात यार्डात मालगाडी शिरली.
फरशी थरथरली, टेबल, काच,
आणि स्पीकरमधून बारीक
खण्ण्...
दोषच आहे हा.
जुन्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय:
असा व्हॉल्व्ह बदलावा.
विमल म्हणाली,
"गाडी ओळखली वाटतं त्यानं."

जर्मन गेला डबीत, कापसात.
आता रात्री सारंगी लावतो तेव्हा
मालगाडीच्या वेळा बघत नाही.