अडीच दिवस

शुक्रवारी संध्याकाळी कानाए म्हणाली,
मला नाही जमणार, वह्या तपासायच्यात. अडतीस.
गठ्ठा छातीशी धरून उभी.

वर्गाला आधीच तिची धास्ती:
पहिल्या चाचणीत तिने बरोबर उत्तरांना
लाल गोल केले होते
आणि चुकांवर टिक.
तिच्याकडे तसंच असतं.
सगळ्यात जास्त गोल मिळालेला निनाद
जिन्यात बसून रडला होता.

शर्वाणीने गठ्ठा काढून घेतला,
स्कूटरच्या डिकीत टाकला, किल्ली पर्समध्ये.

शनिवारी साडेसहाला वेताळ टेकडी.
उतरताना एका आजोबांनी थांबवलं:
जपानच्या का? आमचा भाचा ओसाकात असतो, ओळखता?
तिने नीट विचार केला.
म्हणाली, आडनाव काय?

दहाला ज्ञानदाचं घर हलवायचं होतं.
तिसरा मजला, लिफ्ट नाही,
टेम्पोवाला दर पाच मिनिटांनी हॉर्न देतोय.
कपाट जिन्याच्या वळणावर बसलं ते बसलंच.
आम्ही चौघं चार दिशांनी ओरडत होतो.
कानाएने सुतळी मागितली, मापं घेतली,
कपाटाची दारं उतरवली, त्याला तिरकं केलं,
आणि ते निघालं मुकाट,
रुसलेला जावई निघतो तसं.

संध्याकाळी कोंढव्याला, तन्वीरच्या बहिणीची मेंदी.
हिचेही दोन्ही हात कोपरापर्यंत भरले
आणि तेवढ्यात फोन वाजला.
मी तिच्या कानाला धरून उभी राहिले.
पलीकडे आई.
बारा वर्षं शिकवतेय मी ती भाषा,
व्याकरणाच्या खाचाखोचांसकट;
पण ही इतकी घाईची, इतकी स्वयंपाकघरातली,
अर्धी वाक्यं गिळणारी,
हिच्यातलं मला
फक्त "जेवलीस का" कळलं.

रविवारी जुना बाजार.
गंजक्या पान्यांच्या ढिगात एक गजराचं घड्याळ.
अडीचशे, म्हणाला.
तिने रंगलेली बोटं मोजली.
दोन माहीत आहे, तीन माहीत आहे, हे मधलं कुठलं?
तो बिडी विझवून म्हणाला,
मॅडम, तिनाकडे निघालं होतं,
अर्ध्या वाटेत दमलं.
तिने एक रुपया कमी केला नाही.
आम्ही सगळे तिच्यावर चिडलो.

मग वानवडीत एल्विनकडे जेवण,
जेवणावर झोप,
झोपेतून उठवून शर्वाणीच्या एकांकिकेची तालीम.
प्रॉम्प्टिंगला माणूस नव्हता तर हिलाच बसवलं,
देवनागरी बोट ठेवून वाचते,
म्हणजे प्रत्येक वाक्य नट बोलून गेल्यावर पोचायचं.
दिग्दर्शक म्हणाला, राहू दे,
प्रतिध्वनीसारखं वाटतंय.

साडेअकराला नळस्टॉपजवळ पंक्चर.
ढकलत ढकलत घरी.
तेव्हा कुठे वह्या आठवल्या;
डिकी उघडली तर पेट्रोलचा वास
आणि वरच्या तीन वह्यांना लिंबाच्या लोणच्याचं तेल.

कधीतरी म्हणाली होती ती,
आमच्याकडे बाहेर पडताना घरातल्यांना सांगतात:
जाऊन येते.
सांगितल्याशिवाय जायचं नसतं.
इथे कुणाला सांगणार?
सहा महिने मी नुसतं कुलूप लावतेय.
मी म्हणाले होते, अगं, आमच्याकडेही हेच.
आणि विषय तिथेच राहिला.

सोमवारी साडेसातला मी खाली हॉर्न दिला.
रात्रभर जळलेला दिवा विझला.
कुलपाचा आवाज.
मग जिन्यातून, मराठीत, जरा मोठ्यानेच:
जाऊन येते.
पहिल्या मजल्यावर मेथी निवडणाऱ्या लोचनाबाईंनी
मान वर न करता म्हटलं, या.

मागे बसून तिने गठ्ठा मांडीवर घेतला.
वरची वही निनादची.
बरोबर उत्तराला लाल गोल,
आणि गोलाच्या आत,
बिचकत काढलेली, छोटी टिक.

गाडी सुरू केली तेवढ्यात वरच्या खोलीत
घड्याळ ठणाणा वाजू लागलं.
किती वाजलेत त्यात? मी विचारलं.
अडीच, ती म्हणाली. चल.